किडीस कीडच औषध

पावसाळा सुरू होऊन पिकें गुडघाभर झालीं कीं तालुक्याच्या पेठेंतील औषधांच्या दुकानांपुढें शेतकऱ्यांची गर्दी जमूं लागते. कोणास मावा मारावयाचा असतो, कोणास बोंडअळी, कोणास बांधावरचें तण. दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. शेतकरी ती बहुधा उधारीनें नेतो. आणि पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोंच तो पुन्हां त्याच दुकानापुढें येऊन उभा राहतो. ह्या येरझारांचा शेवट कोठें होऊं शकतो, हें सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत दिसून आलें. त्या वर्षीं कापसावर फवारणी करितांना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. आणि इतकें होऊनही गुलाबी बोंडअळीनें त्या हंगामांत कापसाचें अतोनात नुकसान केलें तें केलेंच. माणसें मेलीं, अळी मात्र मेली नाहीं! ज्या उपायाचें असें फळ दृष्टीस पडतें, त्याखेरीज दुसरा उपाय आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो आपण कां करीत नाहीं, ह्याचा विचार शेतकऱ्यापेक्षांही आम्हां शहरवासीयांनीं अधिक केला पाहिजे. कारण बाटली विकणारे आम्ही, आणि तिचा अंश भाजीबरोबर पोटांत घालणारेही आम्हीच.

दुसरा उपाय आहे, व तो नवाही नाहीं. सृष्टींत जो किडा पिकास खातो त्यास खाणारा दुसरा किडा बहुधा असतोच. तसेंच प्रत्येक तणावर उपजीविका करणारा कोणी ना कोणी प्राणी असतो. माव्याच्या वसाहतीवर ठिपक्यांचे ढालकिडे तुटून पडलेले कोणाही चौकस माणसास शेतांत पाहावयास मिळतील. चीनमधील संत्र्यांच्या बागवानांस ही गोष्ट सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं ठाऊक होती. ते बाजारांतून तांबड्या मुंग्यांचीं घरटीं विकत आणून झाडांवर बांधीत व किडींपासून फळांचें रक्षण करीत. ह्याच जातीच्या मुंग्या कोंकणांत आंब्या-काजूच्या झाडांवर पानें शिवून घरटीं करितात. आपण मात्र त्यांजकडे केवळ उपद्रव म्हणून पाहतों.

ह्या उपायाचें तत्त्व साधें आहे. परमुलुखांतून एखादें झाड किंवा एखादी कीड आपल्या देशांत आली म्हणजे तिचे जन्मजात शत्रू मागें मायदेशीं राहतात. तिला येथें मोकळें रान सांपडतें व ती बेसुमार वाढते. अशा वेळीं तिच्या मायदेशाहून तिचा शत्रू शोधून आणावा, ही ह्या शास्त्राची पहिली रीत. येथेंच असलेले उपकारक कीटक प्रयोगशाळेंत वाढवून शेतांत सोडावे, ही दुसरी. आणि जे शेतांत आपण होऊन आले आहेत त्यांस निदान आपल्या हातानें मारूं नये, ही तिसरी. पहिलें काम सरकारी शास्त्रज्ञांचें, दुसरें कारखाने व संस्था ह्यांचें, आणि तिसरें प्रत्येक शेतकऱ्याचें होय. ह्यांपैकीं कोणत्याही कामांत चमत्कार नाहीं. धीर व विवेक मात्र तिहींतही लागतो.

पहिल्या रीतीचा आरंभ आपल्याच देशांत, आणि तोही व्यापारांतील एका चुकीनें झाला, हें ऐकून आमच्या व्यापारी वाचकांस नवल वाटेल. मेक्सिको देशांत निवडुंगावर राहणारा एक किरमिजी किडा असतो. त्यास वाळवून कुटला म्हणजे उत्तम तांबडा रंग होतो. ह्या रंगाचा मक्ता त्या काळीं स्पॅनिश लोकांच्या हातीं होता व तो मोडावा अशी ईस्ट इंडिया कंपनीची फार इच्छा होती. सन १७९५ सालीं कॅप्टन नीलसन नांवाच्या गृहस्थानें ब्राझीलहून असे किडे कलकत्त्यास आणिले. परंतु ते अस्सल रंगाचे नव्हते, त्यांच्या हलक्या प्रतीच्या भाऊबंदांपैकीं होते. रंगाचा बेत फसला. पण किड्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं. देशांत माजलेल्या निवडुंगाच्या एका जातीचा रस शोषून त्यांनीं तिचीं बेटेंच्या बेटें वाळवून टाकिलीं. हें पाहून सन १८३६ ते १८३८ च्या सुमारास ते मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानांत नेण्यांत आले. तण मारण्याकरितां जाणूनबुजून किड्याची योजना केल्याचें हें जगांतील अगदीं आरंभींचें उदाहरण समजतात.

मात्र हा किडा निवडुंगाच्या एका जातीवरच जगे. दुसरी जात त्याच्या तोंडाची नव्हती, आणि तिनें मद्रासेकडील जमिनी व्यापून टाकिल्या. शेवटीं सन १९२६ मध्यें त्या दुसऱ्या जातीवर जगणारा निराळा किरमिजी किडा सिंहलद्वीपांतून आणून सोडण्यांत आला, आणि पांच-सहा वर्षांत सुमारें ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. तिकडे ऑस्ट्रेलियांत तर अशाच निवडुंगाखालीं सुमारें सहा कोटी एकर जमीन गेली होती व शेतकरी घरेंदारें टाकून निघून जात होते. तेथें सन १९२५ सालीं अर्जेंटिनाहून एका लहानशा पतंगाचीं सुमारें २,७५० अंडीं आणिलीं. त्यांच्या संततीनें सात-आठ वर्षांत निवडुंगाचा बहुतेक फडशा पाडिला. बूनार्गा नांवाच्या गांवीं लोकांनीं कृतज्ञतेनें आपल्या सभागृहास त्या पतंगाचेंच नांव दिलें आहे. जें काम कुऱ्हाडीनें, आगीनें व विषानें झालें नाहीं, तें एका बोटभरही नसलेल्या अळीनें केलें. त्या अळीस रोज मजुरी द्यावी लागली नाहीं, आणि पुढल्या वर्षीं तिला पुन्हां विकतही आणावें लागलें नाहीं.

जुन्या व परक्या गोष्टी पुरे. आमच्या वाचकांच्या रोजच्या रस्त्यावर जें तण उभें आहे त्याकडे वळूं. गाजरगवत, ज्यास कांहीं लोक काँग्रेस गवत म्हणतात, तें हिंदुस्थानांत प्रथम लक्षांत आलें तें पुण्यास, सन १९५५ च्या सुमारास. परदेशी धान्याबरोबर त्याचें बीज येथें आलें असें सर्वसाधारणपणें मानतात. एकेका झाडास दहा-दहा, पंधरा-पंधरा हजार बारीक बिया येतात; त्या वाऱ्यानें, पाण्यानें व गाडीच्या चाकांनीं पसरतात; आणि आज देशाचा क्वचितच कोणता भाग ह्या तणापासून मुक्त राहिला असेल. शेतांत तें पिकाचें अन्न खातें, आणि गांवांत माणसाच्या अंगास खाज व छातीस दमा लावितें. ह्याचें मूळ ठिकाण अमेरिका खंडांत. म्हणून मेक्सिकोहून त्याचा शत्रू असलेला एक पट्टेरी भुंगेरा सन १९८३ सालीं बंगळूरच्या प्रयोगशाळेंत आणण्यांत आला, व तपासणीनंतर सन १९८४ सालीं तो मोकळा सोडण्यांत आला. आपल्याकडे त्यास ‘मेक्सिकन भुंगेरा’ म्हणतात. पिवळट पांढऱ्या पाठीवर काळपट उभे पट्टे असलेला हा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा प्राणी. पाऊस पडला कीं तो जमिनींतून वर येतो, त्याची मादी गाजरगवतावर शेंकडों अंडीं घालते, आणि अळ्या शेंड्याचीं कोंवळीं पानें व कळ्या खाऊन टाकितात. त्यामुळें झाडास फूल येत नाहीं, व फूल नाहीं म्हणजे बीही नाहीं.

मग गाजरगवत अद्याप कां दिसतें, असा प्रश्न वाचक करतील, आणि तो रास्त आहे. ह्याचें एक उत्तर असें कीं, भुंगेरा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच काम करितो व पुढें जमिनींत निजून राहतो. गवत मात्र ओल सांपडेल तेव्हां बारा महिने उगवतें. दुसरें उत्तर आम्हांस लाजविणारें आहे. ज्या मैदानांत भुंगेऱ्यांनीं गवत धरिलें असतें, त्याच मैदानांत ऐन श्रावणांत गवत कापलें जातें किंवा त्यावर तणनाशक मारिलें जातें. भुंगेरा उपाशी मरतो, आणि पुढील पावसास गवत पुन्हां निर्वेध उगवतें. जो चाकर फुकट राबतो, त्यास आपण स्वतःच हांकलून देतों व त्याच्या जागीं पैसे देऊन दुसरा ठेवितों! ह्यास व्यवहार म्हणावें काय?

दुसऱ्या व तिसऱ्या रीतीचें उदाहरण उंसाचें घेऊं. सन २००२ च्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत उंसावर लोकरी मावा पडला. पानांच्या खालच्या अंगास कापूस पिंजून लाविल्यासारखे पांढरे थर बसत, त्यांतून गळणाऱ्या चिकट रसावर काजळी चढे, आणि ऊंस खुरटे. पाहतां पाहतां हा रोग पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत पसरला. पुरुषभर उंच व दाट उंसांत शिरून फवारणी करणें दुष्कर. आणि केली तरी माव्याबरोबर त्याचे शत्रूही मरत. इतक्यांत असें आढळून आलें कीं, डिफा नांवाच्या एका पतंगाची अळी व मायक्रोमस नांवाचा एक कीटक आपण होऊन माव्यावर येत आहेत. मग शेतकऱ्यांनीं, साखर कारखान्यांनीं व कृषिसंशोधकांनीं हे मित्रकीटक वाढविले. ज्या उंसांत डिफा दिसे तेथील पानें तोडून नव्या फडांत नेऊन लाविलीं. ईशान्येकडील प्रांतांतून माव्यावर जगणारा एक सूक्ष्म परोपजीवी कीटकही आणण्यांत आला. थोड्याच वर्षांत लोकरी माव्याची दहशत ओसरली. ह्या प्रसंगीं यश येण्याचें मुख्य कारण असें कीं, उंसाच्या प्रदेशांत कारखाना ही शेतकऱ्यांस एकत्र आणणारी संस्था होती. मित्रकीटक एकाच्या बांधापाशीं थांबत नाहीं. म्हणून एकट्यादुकट्यानें केलेला हा उपाय बहुधा फसतो व दहा गांवांनीं मिळून केलेला तडीस जातो.

आतां आक्षेपकांचें म्हणणें ऐकूं. कित्येक म्हणतात कीं, परदेशचा किडा आणणें म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडणें. ह्या भीतीस आधार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सन १८७२ सालीं उंसाचे उंदीर मारण्याकरितां कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमेका बेटावर नेलीं. त्यांनीं उंदीर खाल्ले खरे, पण उंदीर रात्रीं हिंडतो व मुंगूस दिवसा. तेव्हां मुंगसांनीं पक्षी, सरडे व कोंबड्या ह्यांवरही हात मारिला. सन १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांत उंसावरील भुंगेरे खाण्याकरितां हवाई बेटांतून सुमारें शंभर मोठे बेडूक आणिले. भुंगेरे उंसाच्या शेंड्याकडे, त्यांच्या अळ्या मातींत, आणि बेडूक मध्येंच जमिनीवर! त्यांनीं भुंगेऱ्यांचें कांहीं केलें नाहीं. उलट अंगांतील विषानें त्या देशांतील वन्य प्राण्यांस मात्र ते भारी झाले व अद्याप पसरतच आहेत.

परंतु ह्या गोष्टींचा बोध काय? मुंगूस व बेडूक हे जें सांपडेल तें खाणारे प्राणी. त्यांस नेमून दिलेलें खाद्य नाहीं. निवडुंगाच्या किड्यानें निवडुंगाच्या दुसऱ्या जातीसही तोंड लाविलें नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. ज्याचें खाद्य एक, तोच आपल्या उपयोगाचा. म्हणूनच आतां परवान्यावांचून असा कीटक देशांत आणितां येत नाहीं, आणि आणिल्यावरही तो बंदिस्त ठेवून निरनिराळ्या उपयुक्त पिकांवर उपाशीं सोडून पाहतात. एवढें झाल्यावरच तो मोकळा करितात. मेक्सिकन भुंगेऱ्याचीही एकदां अशी फेरतपासणी झाली. तो सूर्यफुलावर दिसला म्हणून १९९० नंतरच्या वर्षांत मोठी ओरड झाली, त्याचें वाटप थांबविण्यांत आलें, आणि चौकशीअंतीं सूर्यफुलाच्या पिकास त्याजपासून म्हणण्यासारखा धोका नाहीं असें ठरलें. ओरड झाली ह्यांत वावगें कांहींच नाहीं. अशी चौकशी होत राहिली तरच ह्या उपायावर लोकांचा विश्वास बसेल. मात्र जी कसोटी आपण भुंगेऱ्यास लावितों, तीच बाटलींतील विषासही तितक्याच कडकपणें लाविली जावी, एवढें आमचें मागणें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हा उपाय मंद आहे. होय, मंद आहे. बाटलीनें कीड दुसऱ्या दिवशीं मरते, मित्रकीटकास महिने व कधीं वर्षें लागतात. पण कॅलिफोर्नियांतील संत्र्यांच्या बागांची हकीकत ह्या घाईवर प्रकाश पाडते. तेथें एका पांढऱ्या खवलेकिडीनें बागा बसत चालल्या असतां सन १८८८-८९ मध्यें ऑस्ट्रेलियाहून ढालकिडे आणिले. पहिल्या खेपांत जिवंत पोंचलेले किडे अवघे १२९. परंतु त्यांच्या संततीनें दोन वर्षांच्या आंत बागा वांचविल्या, आणि पुढें अर्धे शतक ती कीड डोकें वर काढीना. सन १९४६-४७ च्या सुमारास डीडीटीची नवी फवारणी सुरू झाली. तिनें ढालकिडे मेले, आणि दबलेली कीड पुन्हां उसळली. तेव्हां विष लवकर काम करितें हें खरें, पण तें मित्रास आधीं मारितें व शत्रूस पुन्हां जागा करून देतें.

असो. आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. इतके सिद्ध झालेले उपाय असतां ते पेठेंत कां दिसत नाहींत? आमच्या मतें ह्याचें कारण अज्ञान हें नसून हिशेब हें आहे. बाटली दोन वर्षें फळीवर टिकते, तिच्यावर अडत सुटते, आणि गिऱ्हाईक तिच्याकरितां पुन्हां पुन्हां येतें. ट्रायकोकार्ड घ्या. ट्रायकोग्रामा नांवाची मोहरीच्या दाण्याहूनही लहान माशी किडीच्या अंड्यांतच आपलें अंडें घालते, त्यामुळें अळी जन्मासच येत नाहीं. अशा माश्या तयार केलेलीं सुमारें २०,००० अंडीं एका कागदी पट्टीवर चिकटविलेलीं असतात, व ती पट्टी कापसाच्या किंवा उंसाच्या पानास टांचून लावावयाची असते. पण ती थोड्या दिवसांतच वापरावी लागते. उशीर झाला कीं माश्या दुकानांतच बाहेर पडणार. म्हणून दुकानदार ती ठेवीत नाहीं. आणि मेक्सिकन भुंगेऱ्यासारखा एकदां सोडला कीं आपला आपण वाढणारा कीटक तर कोणासही विकतां येत नाहीं. ज्यांत कोणाचाच नफा नाहीं, त्याची जाहिरात कोण करणार?

आमच्या व्यापारी बंधूंवर आम्ही रागावत नाहीं. नाशवंत मालाचा धंदा होत नाहीं, हें म्हणणें मात्र आम्हांस पटत नाहीं. दूध संध्याकाळीं नासतें, फुलें दुपारीं सुकतात, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीं रद्दी होतें. तरी तिहींचाही व्यापार आपल्या पेठांत उत्तम चालला आहे. त्या मालाचा सांठा कोणी करीत नाहीं. आगाऊ मागणी घेऊन ठरल्या वेळीं तो घरपोंच करितात. ट्रायकोकार्डांचेंही तसेंच करितां येईल. दुकानदारानें पेरणीच्या वेळींच गांवोगांवची मागणी नोंदवावी, प्रयोगशाळेनें त्या हिशेबानें पट्ट्या तयार कराव्या, व कीड अंडीं घालूं लागण्याच्या सुमारास त्या थेट बांधावर पोंचवाव्या. कित्येक साखर कारखाने व कृषिविद्यापीठें असे कीटक वाढविण्याचें काम करीत आहेतच. कापसाच्या व भाजीपाल्याच्या प्रदेशांत बाजार समित्यांनीं तेंच अंगावर घ्यावें. ज्या शेतमालावर त्यांचें उत्पन्न चालतें, त्या मालाच्या रक्षणाकरितां त्या उत्पन्नाचा अल्पसा भाग खर्चिला तर तो धर्मादाय होणार नाहीं, धंद्याचाच खर्च ठरेल.

नगरपालिकांसही आमची एक सूचना आहे. गाजरगवतावर भुंगेरे धरलेले दिसले तर त्या जागीं पावसाळा संपेपर्यंत कापणी व फवारणी करूं नये; उलट हातमोजे घातलेल्या कामगारांकडून कांहीं भुंगेरे गोळा करवून जेथें ते नाहींत तेथें नेऊन सोडावे. पावसाळ्याबाहेर उगवणारें गवत मात्र फुलावर येण्याच्या आधीं उपटून काढण्यास पर्याय नाहीं. नदीवरील जलपर्णीचीही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिला खाणारे सोंडे सन १९८३ च्या सुमारासच हिंदुस्थानांत आणिले आहेत, आणि कित्येक तळ्यांत त्यांनीं चांगलें काम केलें आहे. परंतु ज्या नदींत शहराचें मैलापाणी रोज मिसळतें, तेथें जलपर्णीस मिळणारें खत सोंड्यांच्या भुकेहून अधिक होतें. तेथें आधीं गटार बंद केलें पाहिजे. आपली घाण धुण्याचें काम किड्यावर सोंपवितां येणार नाहीं.

हा उपाय सर्व किडींवर चालेल व विष उद्यांच टाकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं प्रसंगीं विषाची गरज पडेल. वैद्यही कधीं कधीं जालीम मात्रा देतो. पण रोजच्या अन्नाप्रमाणें मात्रा चाटविणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणत नाहीं. आधीं शेतांत कोणते किडे शत्रू व कोणते मित्र हें पाहावें, मित्र पुरेसे असल्यास हात आंवरावा, कमी असल्यास वाढवून सोडावे, आणि हें सर्व हरल्यावर बाटलीस हात घालावा, हा क्रम आहे. आज आपण तो उलटा लाविला आहे. तो सुलटा करण्यास नवा शोध लागावयास नको. दुकानदारानें बाटली काढून देण्यापूर्वीं ‘शेतांत ढालकिडे दिसले काय?’ एवढा एक प्रश्न विचारण्यापासून आरंभ केला तरी पुरे. तो प्रश्न विचारण्यास भांडवल लागत नाहीं. आणि तो विचारणाऱ्या दुकानाची पत गांवांत कमी न होतां वाढेलच.